पदकतक्ता हलता-बोलता करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

देशांची आंतरराष्ट्रीय खेळांमधली कामगिरी संवादी आलेखांतून, म्हणजे वाचकाला स्वतः हलवता-बदलता येणाऱ्या आलेखांतून, मांडू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. बहुतेकांची अडचण आलेख काढण्यापाशी नसून त्याच्या आधी, मोजणीपाशी आहे. म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : कॅगल या माहितीसंचांच्या संकेतस्थळावरची १२० वर्षांच्या ऑलिंपिक इतिहासाची फाइल घेतली. भारताची पदकं मोजली तर शंभराच्या पुढे गेली! फाइल चुकीची आहे का?

फाइल बरोबर आहे, मोजणी चुकली. या फाइलमध्ये २,७१,११६ ओळी आणि १५ रकाने आहेत. १८९६ पासून रिओ २०१६ पर्यंतची माहिती त्यात येते. पण तिथली एक ओळ म्हणजे एक पदक नव्हे. एका खेळाडूने एका प्रकारात घेतलेला भाग म्हणजे एक ओळ. त्यामुळे हॉकीतल्या एका सुवर्णासाठी संघातल्या प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र ओळ येते आणि प्रत्येक ओळीच्या पदकाच्या रकान्यात ‘सुवर्ण’ असतं. भारताची हॉकीतली सुवर्णपदकं आठ. ती खेळाडूंच्या संख्येने गुणली गेली की आकडा कुठल्या कुठे जातो. रिले, रोइंग, फुटबॉल, जिम्नॅस्टिक्सची सांघिक स्पर्धा, सगळीकडे हेच होतं.

सर्रास दिला जाणारा उपाय असा : वर्ष, हंगाम, देशाचा कोड, क्रीडाप्रकार आणि पदक हे पाच रकाने एकत्र धरायचे आणि पुन्हा आलेल्या ओळी काढून टाकायच्या. याने नव्वद टक्के काम होतं. उरलेलं दहा टक्के मात्र गुपचूप बिघडतं. २००० साली सिडनीत पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये गॅरी हॉल ज्युनियर आणि अँथनी अर्विन यांना बरोबरीमुळे दोघांनाही सुवर्ण मिळालं आणि दोघेही अमेरिकेचे. १९८४ मध्ये महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कॅरी स्टाइनसाइफर आणि नॅन्सी हॉग्सहेड यांचंही तसंच. वरचा उपाय या दोन्ही ठिकाणी अमेरिकेचं एकेक सुवर्ण खाऊन टाकतो.

त्यापेक्षा क्रीडाप्रकारांची एक वेगळी छोटी शीट करा. प्रत्येक प्रकारासमोर ‘वैयक्तिक’ किंवा ‘सांघिक’ एवढंच लिहा. पुन्हा आलेल्या ओळी फक्त सांघिक प्रकारांतल्या काढा, वैयक्तिक प्रकारांना हात लावू नका. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

त्याच फाइलमधल्या आणखी काही गोष्टी आधीच आवरून घ्या. १९०६ ची अथेन्समधली स्पर्धा त्यात आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती आता ती धरत नाही. १९१२ ते १९४८ दरम्यान चित्र, शिल्प, साहित्य, संगीत यांनाही पदकं मिळत. त्या ‘कला स्पर्धा’ही फाइलमध्ये आहेत आणि अधिकृत पदकतक्त्यात नाहीत. १९५६ च्या उन्हाळी स्पर्धेला मेलबर्न आणि स्टॉकहोम अशी दोन शहरं दिसतील. ती चूक नाही. प्राण्यांच्या विलगीकरणाचे नियम कडक असल्यामुळे घोडेस्वारी स्वीडनला झाली होती. शहराच्या नावावरून गट पाडलेत तर एका ऑलिंपिकची दोन होतील, म्हणून गट वर्ष आणि हंगाम यांवरूनच पाडा.

प्रश्न : सुवर्णावरून क्रम लावायचा की एकूण पदकांवरून? दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक आहेत.

ऑलिंपिकच्या सनदेतच म्हटलं आहे की स्पर्धा खेळाडूंमधली आहे, देशांमधली नाही. तेव्हा ‘बरोबर’ क्रम असा काही नाहीच. आलेख संवादी करण्याचं खरं कारण इथे सापडतं. क्रम तुम्ही ठरवू नका, वजनांची किल्ली वाचकाच्या हातात द्या.

दोन स्लायडर पुरतात. कांस्याचं वजन १ धरून कायम ठेवा. रौप्याचं वजन १ ते ५ आणि सुवर्णाचं १ ते २० असं सरकू द्या. मात्र रौप्य सुवर्णाच्या वर जाणार नाही अशी अट घाला. दोन्ही १ वर असताना ‘एकूण पदकं’ हा क्रम मिळतो. सुवर्ण पार उजवीकडे नेलं की ‘सुवर्ण आधी’ या क्रमाच्या जवळ पोचता. दोन्ही बाजूंचे भांडखोर एकाच पट्टीच्या दोन टोकांना बसलेले आहेत, हे एका हालचालीत दिसतं.

पॅरिस २०२४ चे आकडे यासाठी फार सोयीचे आहेत. सुवर्ण-रौप्य-कांस्य या क्रमाने : जपान २०-१२-१३, ऑस्ट्रेलिया १८-१९-१६, फ्रान्स १६-२६-२२, ब्रिटन १४-२२-२९. सुवर्णावरून लावलं तर यांचा क्रम अगदी याच ओळीने येतो. एकूण पदकांवरून लावलं तर बरोबर उलटा : ब्रिटन ६५, फ्रान्स ६४, ऑस्ट्रेलिया ५३, जपान ४५. आता ३-२-१ अशी वजनं द्या. फ्रान्स १२२, ब्रिटन ११५, ऑस्ट्रेलिया १०८, जपान ९७, म्हणजे तिसराच क्रम.

गंमत पुढे आहे. रौप्याचं वजन २ ठेवलं तर जपानला फ्रान्सच्या पुढे जाण्यासाठी एका सुवर्णाची किंमत सव्वानऊ कांस्यांहून जास्त धरावी लागते. रौप्याचं वजन १ केलं तरी पावणेसहाच्या वर जावं लागतं. ‘सुवर्ण आधी’ म्हणणारे नकळत केवढी मोठी किंमत लावतात, ते या आकड्यात दिसतं. ती किंमत त्यांना मान्य असेलही, पण निदान समोर तर येऊ द्या. हे ओलांडण्याचे बिंदू स्लायडरखाली बारीक खुणांनी दाखवले तर वाचकाला अंदाजाने चाचपडावं लागत नाही. दोन देशांचे गुण समान मांडून सुवर्णाचं वजन सोडवलं की खूण कुठे करायची ते कळतं. शाळेतलं समीकरण, त्याहून अवघड काही नाही.

एक ताकीद : स्लायडर सरकताना पट्ट्या जागा बदलत असतील तर बदल अर्ध्या सेकंदाच्या आसपास होऊ द्या. झटक्यात झाला तर कोण कुठे गेलं ते कळत नाही, दोन सेकंद लावलेत तर वाचक कंटाळतो.

कांस्यांबद्दल एक बारकावा. जूदो, कुस्ती, तायक्वांदो आणि बॉक्सिंग यांत एका वजनगटात दोन कांस्यं दिली जातात. त्यामुळे एकूण पदकं मोजताना या खेळांना आपोआप थोडं जास्त वजन मिळतं. उलट टोकियो २०२० मध्ये पुरुषांच्या उंच उडीत ताम्बेरी आणि बार्शिम यांनी सुवर्ण वाटून घेतलं, तेव्हा तिथे रौप्य दिलंच गेलं नाही. ‘प्रत्येक प्रकारात तीन पदकं’ असं गृहीत धरून आकडेमोड केली असेल तर ती इथे कोसळते.

प्रश्न : जगाच्या नकाशावर पदकं रंगवली. नॉर्वे आणि फ्रान्स कोरे राहिले, सिंगापूर तर दिसतच नाही. माहिती तर शीटमध्ये आहे!

तीन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत.

पहिला, कोडचा. ऑलिंपिक समितीचे तीन अक्षरी कोड आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे तीन अक्षरी कोड सारखे नाहीत. जर्मनी तिकडे ‘जीईआर’, इकडे ‘डीईयू’. नेदरलँड्स ‘एनईडी’ आणि ‘एनएलडी’. स्वित्झर्लंड ‘एसयूआय’ आणि ‘सीएचई’. डेन्मार्क, ग्रीस, क्रोएशिया, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया, मलेशिया, इराण अशी यादी लांब आहे. फुटबॉलचे कोड त्याहून थोडे वेगळे. जोडणी नावावरून करू नका, कोडांची जुळणीशीट करा आणि जोडल्यावर न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून बघा. ही शेवटची पायरी टाळणाऱ्यांचेच नकाशे कोरे राहतात. कॅगलच्या फाइलमध्येसुद्धा अशी एक फट आहे : मुख्य फाइलमध्ये सिंगापूर ‘एसजीपी’ आहे आणि सोबतच्या देशांच्या यादीत ‘एसआयएन’.

दुसरा दोष नकाशाच्या फाइलचा. नॅचरल अर्थ या मोफत नकाशासंचाच्या सीमा वापरल्या असतील तर त्यातल्या आयएसओ तीन अक्षरी रकान्यात फ्रान्स आणि नॉर्वे यांच्यासमोर कोडऐवजी ‘उणे ९९’ आहे. हिवाळी ऑलिंपिकचा नकाशा काढावा आणि नेमका नॉर्वे कोरा राहावा, हे यामुळे होतं. त्या रकान्याऐवजी त्याच फाइलमधला प्रशासकीय तीन अक्षरी कोडचा रकाना घ्या.

तिसरा, प्रमाणाचा. १ : ११ कोटी प्रमाणाच्या फाइलमध्ये सिंगापूर, बहरीन, माल्टा, सॅन मरिनो हे देशच नाहीत. १ : ५ कोटीची घ्या, फाइल जड होईल पण देश सापडतील. तरीही सॅन मरिनो स्क्रीनवर टाचणीच्या टोकाएवढा असेल. टोकियोत त्या देशाने तीन पदकं जिंकली होती, लोकसंख्या साधारण ३४ हजार. रंगवलेल्या नकाशावर ही कामगिरी अदृश्य आणि सैबेरियाची ओसाड जमीन मात्र ठळक. म्हणून नकाशा हवाच असेल तर क्षेत्रफळ रंगवण्याऐवजी देशाच्या मध्यावर पदकांच्या प्रमाणात वर्तुळ ठेवा. वर्तुळाचं क्षेत्रफळ पदकांच्या प्रमाणात हवं, त्रिज्या नव्हे. त्रिज्या प्रमाणात घेतली की दुप्पट पदकांचा देश चौपट दिसतो. नकाशाची पार्श्वभूमी समक्षेत्र प्रक्षेपाची, म्हणजे क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारी, घ्या. मर्केटर प्रक्षेप अजिबात नको : त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे.

पायथन या संगणकभाषेत पँडाज हा माहिती हाताळण्याचा संच वापरणाऱ्यांसाठी चौथाही दोष वाट बघत असतो. दोन अक्षरी कोड वापरलेत तर नामिबियाचा ‘एनए’ हा कोड ‘माहिती नाही’ असा वाचला जातो. टोकियोत २०० मीटरचं रौप्य मिळवणाऱ्या क्रिस्टीन एम्बोमाचा देशच गायब. फाइल वाचताना रिकाम्या मूल्यांची आपोआप ओळख बंद करा. पण कॅगलच्या फाइलमध्ये पदक न मिळालेल्यांसमोरही हीच दोन अक्षरं असतात, तेव्हा ही ओळख रकान्यानुसार चालू-बंद करावी लागते.

प्रश्न : दर दहा लाख लोकांमागे किती पदकं, हे मोजणं जास्त न्याय्य नाही का?

ऐकायला न्याय्य, पण प्रत्यक्षात यादीच्या शिखरावर नेहमी इवलेसे देश येतात आणि दर वेळी वेगळे. पॅरिसमध्ये ग्रेनेडाला दोन कांस्यं मिळाली. लोकसंख्या साधारण १ लाख १७ हजार, म्हणजे दहा लाखांमागे सुमारे १७ पदकं. अमेरिकेची १२६ पदकं असूनही तिचा दर ०.४ सुद्धा भरत नाही. आता त्या दोनपैकी एका कांस्याकडे बघा. भालाफेकीत अँडरसन पीटर्सचा भाला ८८.५४ मीटर गेला, चौथ्या आलेल्या याकुब वाडलेचचा ८८.५०. चार सेंटीमीटर इकडेतिकडे झाले असते तर ग्रेनेडाचा दर सरळ निम्म्यावर आला असता. अमेरिकेचं एक पदक गेलं तर तिच्या दरात काही फरकच पडत नाही.

कारण साधं आहे : थोड्या लोकसंख्येत योगायोगाचा वाटा मोठा. त्याच कारणाने यादीच्या तळाशी शून्य पदकांचे देशही बहुतांशी छोटेच असतात. वर आणि खाली दोन्हीकडे छोटे देश दिसले की समजावं, मोजपट्टी कामगिरी कमी आणि आकार जास्त मोजते आहे.

यावर उत्तम उपाय म्हणजे नरसाळ्याचा आलेख. आडव्या अक्षावर लोकसंख्या, लॉग मापात (दर पायरीला दसपट वाढणाऱ्या). उभ्या अक्षावर दहा लाखांमागची पदकं. मध्ये सर्व देशांच्या सरासरीची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना योगायोगाने अपेक्षित असलेल्या चढउताराच्या रेघा. अपेक्षित पदकं जेवढी, त्यांच्या वर्गमुळाएवढा चढउतार, हा हिशेब कामापुरता पुरे होतो. अपेक्षा १०० ची असेल तर दहा इकडेतिकडे, ४ ची असेल तर दोन. डावीकडे नरसाळं रुंद होतं, उजवीकडे चिंचोळं. नरसाळ्याच्या बाहेर जे देश राहतात त्यांच्याबद्दलच बोलण्यासारखं काही असतं.

दुसऱ्या बाजूलाही पक्षपात आहे. मोठ्या देशांच्या डोक्यावर नियमांचं झाकण असतं. अ‍ॅथलेटिक्समध्ये एका प्रकारात एका देशाचे सहसा तीनच खेळाडू, जलतरणात दोन, सांघिक खेळात एक संघ. २००८ मध्ये चीनने टेबल टेनिसच्या पुरुष आणि महिला एकेरीतली सगळी पदकं नेली, आणि २०१२ पासून एकेरीत प्रत्येक देशाला दोनच जागा उरल्या. लोकसंख्या दसपट झाली म्हणून पदकं दसपट होऊच शकत नाहीत. म्हणून लोकसंख्या आणि पदकं दोन्ही लॉग मापावर घेऊन ठिपक्यांचा आलेख काढा. ठिपक्यांचा आकार दरडोई उत्पन्नावरून द्या आणि ठिपक्यावर गेलं की देशाचं नाव उमटू द्या. लॉग मापावर शून्याला जागा नसते, हे मात्र विसरू नका. पॅरिसला दोनशेहून जास्त संघ होते, पदक मिळालेले शंभरही नव्हते. बाकीचे गुपचूप गळाले तर चित्र खोटं ठरतं. त्यांच्यासाठी अक्षाखाली एक वेगळी पट्टी ठेवा, ‘शून्य पदकं’ असं लिहून.

प्रश्न : जर्मनी आणि रशिया यांची सलग रेघ कशी काढायची?

शक्यतो काढू नका. १९८८ मध्ये पूर्व जर्मनीची १०२ आणि पश्चिम जर्मनीची ४० पदकं होती, बेरीज १४२. एकत्र जर्मनीला १९९२ मध्ये ८२ मिळाली. सलग रेघ बघणाऱ्याला वाटेल की एकीकरणाने जर्मन खेळ बुडाला. घसरणीचं एक मोठं कारण मोजणीतच आहे : दोन देश होते तेव्हा प्रत्येक प्रकारात दुप्पट जागा मिळत आणि रिले किंवा रोइंगमध्ये दोन्ही संघ पदक घेऊ शकत. त्यात भर म्हणजे १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकांत ‘जर्मनीचा संयुक्त संघ’ उतरला होता.

सोव्हिएत संघ १९८८ मध्ये १३२, बहुतेक माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांचा मिळून उतरलेला संयुक्त संघ १९९२ मध्ये ११२, रशिया १९९६ मध्ये ६३. तिसरा आकडा पहिल्या दोनांचा वारसदार नाही. युक्रेन, बेलारूस, कझाकस्तान आणि बाकीचे तोवर वेगळे झाले होते. नंतर रशियाचे खेळाडूही वेगवेगळ्या नावांनी आणि कोडांनी उतरले.

तयार याद्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. कॅगलच्या यादीत सोव्हिएत संघ आणि संयुक्त संघ दोन्ही रशियात टाकलेत, युगोस्लाव्हिया सर्बियात, आणि हाँगकाँग चीनमध्ये. हे ज्याने यादी केली त्याचे निर्णय आहेत, वस्तुस्थिती नव्हे. आपल्या शीटमध्ये दोन रकाने ठेवा : ‘स्पर्धेतलं नाव’ आणि ‘आजचा गट’. आलेखावर एक बटण ठेवून वाचकाला दोन्हींमध्ये जाऊ-येऊ द्या. रेघ मूळ नावांनी तुटकच दाखवा आणि तुटते तिथे वर्षासकट छोटी टीप लिहा.

वेगवेगळे खेळ एकत्र आणताना तर ‘देश’ ही कल्पनाच घसरते. ऑलिंपिकमध्ये ब्रिटन एक, फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड असे चार. क्रिकेटमध्ये वेस्ट इंडिज एक, ऑलिंपिकमध्ये जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद वेगवेगळे. अशा वेळी एकच आलेख करण्याचा हट्ट सोडून शेजारी शेजारी दोन ठेवावेत.

प्रश्न : पट्ट्यांची धावती शर्यत (वर्षागणिक पट्ट्या वाढत, जागा बदलत जातात तो चलत् आलेख) करू का? लोकांना फार आवडते.

आवडते, पण त्यातून फारसं कळत नाही. डोळा एका वेळी एकच पट्टी पकडतो. शिवाय ऑलिंपिक चार वर्षांनी येतं आणि सॉफ्टवेअर मधली वर्षं स्वतःच भरतं. २०१० साली एखाद्या देशाची ७३.४ पदकं झाली, असं काहीही पडद्यावर धावत जातं. त्याऐवजी दहा-बारा देशांचे छोटे छोटे रेघांचे आलेख, सगळ्यांचा अक्ष सारखा, जाळीत मांडा. एका देशावर बोट ठेवलं की बाकी सगळ्यांत त्याची रेघ फिकट पार्श्वभूमीवर दिसावी. तुलना तिथल्या तिथे होते.

प्रश्न : यजमान देशाला फायदा होतो हे आलेखातून कसं दाखवावं?

आडव्या अक्षावर सालं घालू नका. यजमानपदाचं वर्ष ०, त्याआधीचं ऑलिंपिक उणे १, नंतरचं अधिक १, असा अक्ष करा आणि सगळे यजमान एकावर एक ठेवा. स्पेन ४, २२, १७. जपान ४१, ५८, ४५. ब्राझील १७, १९, २१. तिघांचं वळण तीन तऱ्हेचं आहे हे लगेच दिसतं.

पण इथेच थांबलात तर दिशाभूल होईल. एक तर स्पर्धेचा आकार बदलत गेला आहे : १९८४ मध्ये २२१ प्रकार होते, २००० मध्ये ३००, टोकियोत ३३९, पॅरिसमध्ये ३२९. म्हणून पदकांची संख्या नको, एकूण पदकांतला टक्का घ्या. दुसरं, बहिष्कार. १९८० मध्ये मॉस्कोत सोव्हिएत संघाने १९५ पदकं मिळवली आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेने १७४, पण दोन्ही वेळा मुख्य प्रतिस्पर्धी घरी बसला होता. ही दोन वर्षं पोकळ ठिपक्याने दाखवा आणि वगळण्याचं बटण द्या. तिसरं, यजमानाला खेळांच्या यादीतच हात घालता येतो. टोकियोत कराटे आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल आले, जपानने त्यांत सुवर्णं घेतली आणि पॅरिसमध्ये ते खेळ नव्हते. ‘दोन्ही वेळा असलेले खेळ’ एवढीच गाळणी लावली तर फुगवट्याचा किती भाग खरा ते दिसतं.

ब्रिटनचं उदाहरण तर सावध करणारं आहे. १९९६ मध्ये एक सुवर्ण, एकूण १५ पदकं. १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा उच्च दर्जाच्या खेळाडूंकडे वळला. २००० मध्ये २८, २०१२ मध्ये लंडनला ६५, आणि रिओला त्याहून जास्त, ६७. चढ लंडनची निवड होण्याआधीच सुरू झाला होता. आलेखात उणे ४ पर्यंत मागे जाण्याची सोय नसेल तर सगळं श्रेय यजमानपदाच्या खात्यात जमा होतं.

प्रश्न : वेगवेगळ्या ठिकाणी बीजिंग २००८ चे आकडे वेगळे का दिसतात?

उत्तेजक चाचण्यांचे नमुने जपून ठेवून वर्षांनंतर पुन्हा तपासले जातात. चीनची त्या वेळची ५१ सुवर्णं आता ४८ आहेत, महिलांच्या वेटलिफ्टिंगमधली तीन २०१७ मध्ये काढून घेतली. लंडन २०१२ च्या पुरुषांच्या ९४ किलो गटात तर इतके जण बाद झाले की सुवर्ण पाचव्या आलेल्याकडे आणि कांस्य नवव्या आलेल्याकडे गेलं. शीटमध्ये ‘त्या दिवशीचं पदक’ आणि ‘आजचं पदक’ असे दोन रकाने ठेवा आणि आलेखाखाली माहिती कोणत्या तारखेची ते लिहा. दोन रकान्यांतला फरक हाच मुळात एक वाचनीय आलेख होतो.

प्रश्न : फिफाच्या क्रमवारीचा गेल्या वीस वर्षांचा आलेख काढला. २०१८ नंतर रेघांचा स्वभावच बदलला. का?

कारण पद्धत बदलली. २००६ ते २०१८ या काळात चार वर्षांतल्या सामन्यांची भारित सरासरी घेत. त्यात मैत्रीपूर्ण सामने खेळणं तोट्याचं ठरे, कारण त्यांचे गुण कमी आणि त्यांनी सरासरी खाली ओढली जाई. ऑगस्ट २०१८ पासून बुद्धिबळात वापरतात त्या एलो पद्धतीची बेरीज-वजाबाकी आली : जुने गुण, अधिक सामन्याचं महत्त्व गुणिले (निकाल वजा अपेक्षित निकाल). निकाल म्हणजे विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला ०. महत्त्व ५ पासून ६० पर्यंत. अपेक्षित निकाल गुणांतल्या फरकावरून, ६०० हा भाजक धरून काढतात. ६०० गुणांनी पुढे असलेल्या संघाची अपेक्षा साधारण ०.९१ येते. तो जिंकला तर जेमतेम काही गुण, हरला तर आपटतो.

तेव्हा २०१८ ला उभी रेघ मारून दोन तुकडे करा, जोडू नका. आणि क्रमांकापेक्षा गुण दाखवा. क्रमांक ४० आणि ५० यांच्यात किरकोळ अंतर असू शकतं, १ आणि ११ यांच्यात बरंच. क्रमांकच दाखवायचा असेल तर अक्ष उलटा करा, पहिला वर. हे विसरल्यामुळे प्रगती करणारा संघ कोसळताना दिसतो. मोठ्या स्पर्धांच्या बाद फेरीत हरणाऱ्याचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकूण गुणांची बेरीज हळूहळू वाढत जाते. दहा वर्षांच्या अंतराने गुणांची थेट तुलना त्या कारणाने कच्ची.

प्रश्न : मराठीतून आलेख केला की काहीतरी मोडतंच. उपाय?

देवनागरी अंक शीटमध्ये टाकू नका. शीट त्यांना अक्षरं समजू शकते आणि बेरीज शून्य येते. जावास्क्रिप्टही त्यांचा आकडा करू शकत नाही. पायथन मात्र ‘१२६’ बिनतक्रार वाचतं, त्यामुळे चूक उशिरा सापडते. मूळ माहिती इंग्रजी अंकांत (0 ते 9) ठेवा आणि दाखवताना शेवटच्या क्षणी देवनागरी करा. लाख-कोटींचे स्वल्पविरामही तेव्हाच.

लेबलांना अक्षरांमधलं अंतर देऊ नका, शिरोरेषा तुटते. ‘ऑस्ट्रेलिया’सारखं नाव जागेअभावी पहिल्या पाच चिन्हांवर कापलं तर हलन्त लोंबकळत राहतो. कापायचंच तर अक्षरगट ओळखणारी सोय वापरा, किंवा सरळ लघुनावांचा वेगळा रकाना करा. चित्र म्हणून निर्यात करताना फाँट सोबत बांधला नाही तर दुसऱ्या यंत्रावर जोडाक्षरं सुटी पडतात.

रंगांबद्दल : सोनेरी, चंदेरी, तांबूस ही त्रयी मोहक पण घातक. पांढऱ्यावर चंदेरी दिसत नाही, आणि सोनेरी व तांबूस एकमेकांत मिसळतात. एकाच रंगाच्या गडद, मध्यम, फिकट छटा घ्या किंवा पट्टीवरच अक्षर लिहा. मोबाइलवर माउस नसतो, तेव्हा ‘वर गेलं की माहिती’ ही कल्पना तिथे निकामी. बोटाने टेकवल्यावर माहिती उघडली पाहिजे. ठिपके बारीक असतील तर बोटाजवळचा ठिपका आपोआप निवडला जावा. महत्त्वाची गोष्ट मात्र टेकवण्याच्या मागे दडवू नका, ती आलेखावर कायम छापलेली असू द्या.

प्रश्न : कोणतं साधन शिकू?

कोड नको असेल तर डेटारॅपर किंवा फ्लरिश. एका संध्याकाळी नीटस आलेख होतो, पण वजनांचे स्लायडर मनासारखे बसत नाहीत. ते हवे असतील तर टॅब्लो पब्लिकमध्ये दोन पॅरामीटर आणि एक गणिती रकाना पुरतो. पूर्ण मोकळीक डीथ्री या जावास्क्रिप्टच्या आलेख-संचात, तयारी मात्र काही महिन्यांची. फुकटच्या सेवांवर प्रसिद्ध केलेली शीट सहसा सगळ्यांना दिसते, तेव्हा खेळाडूंची खाजगी माहिती तिच्यात राहिली नाही ना, ते चढवण्याआधी बघा.